क्लिकवर नीट बसतं, ड्रमरसोबत पळतं: बेसच्या लयीतला बिघाड कसा शोधायचा

बेस गिटार शिकणाऱ्यांची एक तक्रार वर्षभर येत राहते, आणि गणपतीच्या महिनाभर आधी तिला पूर येतो. घरी मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टिकटिक, म्हणजे 'क्लिक' देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) लावला की गाणं स्वच्छ वाजतं. तालमीत ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि ढोलकवाले बसले की दुसऱ्या अंतऱ्यातच मागून आवाज येतो, "टेम्पो काहून पळवून राहिला बे?" घरी येऊन पुन्हा क्लिक लावावा तर सगळं जागच्या जागी. मग माणूस ठरवतो, क्लिकवर रोज अजून तासभर बसायचं. महिनाभराने तीच तक्रार.

तास वाढवण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघा. तो यंत्रात असतो, हातात असतो, नाहीतर क्लिकवर टेकायच्या सवयीत असतो. तिघांवर औषध वेगळं आहे, आणि वाजवता वाजवता ते कानाने ओळखू येत नाहीत, कारण तेव्हा निम्मं लक्ष बोटांवर असतं. म्हणून पहिलं काम रेकॉर्डिंगचं.

एकाच माइकमध्ये क्लिक आणि बेस

एका फोनवर मेट्रोनोम सुरू करा, स्पीकर मोठा ठेवा आणि तो फोन अ‍ॅम्पशेजारी ठेवा. दुसऱ्या फोनवर साधा व्हॉइस रेकॉर्डर लावून तो दोघांपासून हातभर अंतरावर ठेवा. टेम्पो ८० ठेवा, म्हणजे मिनिटाला ८० ठोके. एक मिनिट एका ठोक्याला एक स्वर, पुढचं एक मिनिट एका ठोक्याला दोन. स्वर एकच, तोही जी किंवा डी तारेवरचा.

कंप्युटरवर ट्रॅकवर ट्रॅक चढवून हे मोजू नका. तसं केलं की सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने तुमचा ट्रॅक मागेपुढे सरकवतं, आणि मग दिसणारी चूक तुमची की त्याची हे कळायला मार्ग राहत नाही. एका माइकमध्ये दोन्ही आवाज आले की हा वाद संपतो. माइकपासूनच्या अंतरात एक फुटाचा फरक असला तरी तो एका मिलिसेकंदाएवढाच पडतो.

ही फाइल ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पुरेसं झूम करा. क्लिकची रेघ काट्यासारखी उभी दिसेल. बेसचा स्वर तसा दिसत नाही. आधी बोटाचा बारीक 'टक' आणि त्यामागून फुगत जाणारी लाट असते. मोजायचं त्या टकपासून, लाटेच्या पोटापासून नाही. खुली ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिचं एकच कंपन पुरं व्हायला २४ मिलिसेकंद जातात. लाटेवरून मोजलं तर नसलेला उशीर दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल. जी आणि डी तारेचा सल्ला याचसाठी.

८० च्या टेम्पोला दोन ठोक्यांमध्ये ७५० मिलिसेकंद असतात. हिशोब सोपा आहे, ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके. आता वीस-तीस स्वर ओळीने बघा. टक क्लिकच्या दहा-पंधरा मिलिसेकंद इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, तेवढ्यावर गाणं बिघडत नाही. त्यापलीकडे गेलं तर चूक किती आहे यापेक्षा ती कशी पसरली आहे ते महत्त्वाचं. सगळे स्वर एकसारखेच मागे असतील तर आधी यंत्रावर संशय घ्या. कधी पुढे, कधी मागे असे विखुरले असतील तर हात. तीन मात्रा बरोबर आणि चौथी नेमाने घसरत असेल तर ती एक ठरावीक हालचाल आहे, ती पकडता येते. आणि सगळे स्वर थोडेसे, पण सातत्याने क्लिकच्या आधी पडत असतील तर तुम्ही बहुसंख्य माणसांसारखे आहात. त्याची गोष्ट खाली येते, आणि या पोस्टचं खरं कारण तीच आहे.

यंत्रातला उशीर, आणि ब्लूटूथबद्दलचा गैरसमज

"ब्लूटूथवर मेट्रोनोम ऐकू नको, उशीर होतो" हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो अर्धाच बरोबर आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज साधारण १०० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो हे खरं. पण क्लिक उशिरा पोचला तरी तो प्रत्येक वेळी तेवढ्याच उशिराने पोचतो. तुम्ही कानात आलेल्या क्लिकवर वाजवता आणि बेस अ‍ॅम्पमधून थेट ऐकता, तेव्हा कानाशी दोन्ही एकत्रच येतात. नुसत्या सरावाला यात काही बिघडत नाही. फक्त स्क्रीनवर लुकलुकणारा दिवा क्लिकच्या आधी दिसेल, तिकडे बघू नका.

बिघडतं ते तुमचा बेसच ब्लूटूथमधून गेला की. अ‍ॅम्प नाही, म्हणून बरेच जण बेस फोनमधल्या अ‍ॅम्पच्या अ‍ॅपला जोडतात आणि ब्लूटूथ हेडफोन लावतात. आता बोटाने तार छेडली आणि स्वर २०० मिलिसेकंदांनी कानात आला. १०० च्या टेम्पोला सोळाव्या भागाचा स्वर, म्हणजे पाव मात्रेचा, १५० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही स्वतःला एका स्वरापेक्षाही जास्त उशिराने ऐकताय. यावर मेंदू एकच गोष्ट करतो, हात आधी टाकायला शिकतो. हीच सवय पुढे वायरच्या अ‍ॅम्पवर आणि ड्रमरसमोर 'पळणं' म्हणून बाहेर येते. अशा सेटअपवर दोन-चार महिने घालवलेल्या मुलाला कितीही मेट्रोनोम दिला तरी उपयोग नाही. आधी वायर बदला.

दुसरी गडबड रेकॉर्डिंगमध्ये होते. ड्रम ट्रॅक ब्लूटूथवर ऐकत फोनमध्येच बेस रेकॉर्ड केला, की ट्रॅकच्या मानाने बेस तेवढाच मागे पडतो. वाजवताना सगळं बरोबर होतं आणि ऐकताना कचरा झाला, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेडफोनबद्दलच विचारतो.

उपाय स्वस्त आहे. छोट्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पला बहुतेक वेळा ऑक्सचं (बाहेरचा आवाज आत घेणारं) छिद्र आणि हेडफोनचं छिद्र असतं. फोनमधून ३.५ मिमीची वायर ऑक्समध्ये, वायरचे हेडफोन अ‍ॅम्पमध्ये. दोन्ही आवाज एकाच जागी मिसळतात, उशीर शून्याजवळ. बऱ्याच नव्या फोनना हेडफोनचं छिद्रच नसतं. त्यासाठी यूएसबी-सीचं कन्व्हर्टर लागतं, ते नागपुरात बर्डीवर मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळेल. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस वापरत असाल तर बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवला जाणारा तुकडा) बघा. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने साधारण ६ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १२ च्या आसपास. जाणं आणि येणं धरून दुप्पट, वर थोडं अजून. ५१२ वर बोटाखालचा स्वर लोळल्यासारखा वाटतो. १२८ वर या, आणि त्यावर आवाज तडतडत असेल तर २५६ वर थांबा.

उन्हाळा आणि कूलर

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या मंडळींना हास्यास्पद वाटेल. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना नागपुरात कूलर बंद करून कोणी सराव करत नाही. कूलरचा पंखा खोलीभर एकसारखा 'फर्र' भरून ठेवतो, आणि त्यात पहिला बळी जातो तो हाय-हॅटचा (ड्रमसेटवरच्या जोड-झांजेचा), कारण तोही तसाच फुसफुसणारा आवाज आहे. ऐकू येतात फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), मधलं सगळं अंदाजावर. लोक मग क्लिकचा आवाज वाढवत नेतात, कान दुखायला लागतात आणि बेस दबतो.

आवाज वाढवण्याऐवजी आवाजाची जात बदला. टोकदार इलेक्ट्रॉनिक 'पीप'पेक्षा वुडब्लॉक किंवा काउबेल कूलरमधून नीट कापत येते. कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घ्या. आणि कूलर व अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. सिंगल कॉइल पिकअपचा (तारेचं कंपन टिपणाऱ्या एकेरी कॉइलचा) बेस मोटारीजवळ आला की ५० हर्ट्झची घुंई पकडतो. ई तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) जी ४९ हर्ट्झचा आहे, म्हणजे घुंईच्या अगदी शेजारी. तो स्वर लांब धरला की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो, आणि आपलाच हात हलतोय असं वाटतं. खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. तारांना हात लावल्यावर घुंई कमी होत असेल तर एकदा वायरमनला बोलावून घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

हात

विखुरलेले स्वर बघताना एक सोडून एक असा नमुना दिसतो का बघा. दिसला तर तर्जनी आणि मधल्या बोटाचा फरक आहे. एक बोट जड पडतं, दुसरं उशिरा. मधल्या बोटाने सुरुवात करून तोच ठेका वाजवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. नमुना उलटा झाला की निदान पक्कं.

वरच्या स्वराच्या तारेवरून खालच्या स्वराच्या तारेवर येताना बरेच जण तेच बोट ओढत नेतात. ओढलेलं बोट पुढच्या तारेवर वेळेआधी आपटतं. ही सवय वाईट नाही, कितीतरी चांगले वादक असंच वाजवतात, पण तो स्वर लवकर पडतोय हे माहीत हवं. डाव्या हाताचं दुखणं वेगळं. पाचव्या पट्टीवरून दहाव्यावर उडी मारायची असली की आधीचा स्वर अर्ध्यात सोडला जातो आणि पुढचा घाईने पडतो. रेकॉर्डिंगमध्ये तीन मात्रा चांगल्या आणि चौथी घसरलेली दिसली, तर शंभरात नव्वद वेळा तिथे एकतर ही उडी असते किंवा फिल (मधे भरलेला छोटा तुकडा). ती दोन मात्रांची जागा तेवढीच कापून ६० वर वाजवा. अख्खं गाणं पुन्हा पुन्हा वाजवण्यात वेळ जातो आणि चूक पक्की होते.

स्वर सुटतो कधी, हेही बघा. बेसिस्ट स्वराची सुरुवात मोजतो आणि शेवट देवावर सोडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर वाजतो, त्याच क्षणी बेसचा स्वर बंद झाला तर ठेका घट्ट वाटतो. तो स्नेअरवर सांडला तर सगळ्या सुरुवाती बरोबर असूनही ऐकणारा म्हणतो, ढिला वाजवतोय. डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल करा, तार मुकी होते. नुसत्या किक-स्नेअरच्या ट्रॅकवर हे एवढंच पाच मिनिटं करून बघा.

क्लिक हलत नाही, ड्रमर हलतो

आता मूळ तक्रार. माणसाला एकसारख्या क्लिकवर नुसती टिचकी मारायला सांगितली, तर तो बहुधा क्लिकच्या काही मिलिसेकंद आधी मारतो. हे प्रयोगांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. वाद्य शिकलेल्यांमध्ये हे कमी असतं, आणि दोन ठोक्यांमधली जागा मनात छोट्या भागांनी भरली तरी कमी होतं.

क्लिकसोबत या आधी पडण्याने काहीच होत नाही. तुम्ही वीस मिलिसेकंद आधी पडलात, क्लिक आपल्या वेळेवर आला, पुढच्या ठोक्याला तुम्ही नकळत सावरलं. चूक दर ठोक्याला पुसली जाते, म्हणून साठत नाही, म्हणून कळतही नाही. ऑक्टापॅडवाला मात्र माणूस आहे. तुम्ही आधी पडलात की तो तुमच्याशी जुळवून घ्यायला किंचित पुढे येतो. आता त्याची मात्रा हीच तुमची नवी क्लिक, आणि तुम्ही तिच्याही आधी पडता. दोन अंतऱ्यांत १०० चा टेम्पो १०८ वर पोचतो आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांचंही खरं असतं.

म्हणून सरावात क्लिकची मदत काढून घेत जावं लागतं. सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे गाळलेला क्लिक. ऑडॅसिटीच्या जनरेट मेनूत ऱ्हिदम ट्रॅक आहे, त्यातून ९० च्या टेम्पोला चार मात्रांची बत्तीस आवर्तनं बनवा. मग दोन आवर्तनं ठेवून पुढची दोन निवडा आणि कंट्रोल-एल दाबून ती मुकी करा. असंच शेवटपर्यंत. प्रत्येक रिकामी जागा ५.३३ सेकंदांची होईल. तुम्ही वाजवत राहायचं, आणि क्लिक परत येईल तेव्हा तो कुठे पडतो ते ऐकायचं. क्लिक नेहमी तुमच्या मागून येत असेल तर तुम्ही पळताय. तुमच्या आधीच येऊन बसत असेल तर ओढताय. पहिल्या दिवशी बहुतेकांना धक्का बसतो. दोन आवर्तनं जमली की चार मुकी करा.

दुसरा प्रकार क्लिक विरळ करण्याचा. १०० च्या गाण्याला मेट्रोनोम ५० वर लावा आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर माना. इथे सगळ्यांना येणारी अडचण ठरलेली आहे: आठ-दहा ठोक्यांनंतर मेंदू गुपचूप क्लिकला 'एक' करून टाकतो आणि आख्खा ठेका उलटतो. उलटला तर वाजवता वाजवता सुलटा करायच्या फंदात पडू नका. थांबा, बेस खाली ठेवा, पहिल्या-तिसऱ्या मात्रेला पाय आपटा आणि क्लिकला तोंडाने 'दोन', 'चार' म्हणा. तोंड आणि पाय बसले की मग बेस उचला. ५० च्या क्लिकमध्ये १२०० मिलिसेकंदांचं अंतर आहे. ते मनातल्या मनात भरल्याशिवाय जमत नाही, आणि तेवढंच तर शिकायचं आहे.

ड्रम ट्रॅकची दुखणी

ड्रम ट्रॅक मेट्रोनोमपेक्षा रंजक, म्हणून जास्त वाजवला जातो, आणि जास्त फसवतो. सोळा भागांचा हाय-हॅट चालू असलेला ट्रॅक लावला की मात्रा भरायचं सगळं काम तोच करतो. हायड्रोजन नावाचं ड्रम मशीनचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक वाद्याची वेगळी ओळ असते. आधी सगळा ठेका लावा, मग हाय-हॅट मुका करा, मग स्नेअर. फक्त किक उरली असताना तुमचा बेस ठेका सांभाळतो का बघा.

फोनच्या स्पीकरवर किक ऐकूच येत नाही. तिचं वजन ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतं आणि त्या चिमुकल्या स्पीकरला ते झेपत नाही. किकशी जुळवायचं म्हणता आणि ऐकता नुसती तिची टकटक, असं होतं.

यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करून सराव करणं टाळा. आवाजाची पट्टी तीच ठेवून वेग कमी करताना ठोक्यांची धार बोथट होते आणि कशावर पडायचं तेच पुसट होतं. हळू हवं असेल तर ड्रम मशीनवर तोच ठेका हळू टेम्पोत बनवा.

१९६०-७० च्या दशकातली हिंदी गाणी मेट्रोनोमवर बसत नाहीत म्हणून हैराण होणारेही भेटतात. अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून ती वाजवत असे, मुखड्याला एक टेम्पो आणि शेवटच्या अंतऱ्याला थोडा वर, हे चालायचं. तिथे क्लिक लावूच नका, त्या रेकॉर्डिंगसोबतच वाजवा.

आणि आपल्या ऑर्केस्ट्रात निम्म्याहून जास्त गाणी केहरवा आणि दादऱ्यात आहेत. दादऱ्याला लोक तीन-तीन टिकटिक लावतात, मग बेस वॉल्ट्झसारखा उड्या मारतो. क्लिक फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, 'धा धी ना, धा ती ना' मधल्या दोन्ही 'धा'वर. ढोलकीवरचा केहरवा सरळ आठ भागांत पडत नाही, त्यात झोल (हिंदकळणारी चाल) असतो, आणि सरळ क्लिकवर घोटलेला बेस त्याच्याशी सतत घासतो. घरात गाणं शिकणारं कोणी असेल तर कपाटात इलेक्ट्रॉनिक तबला सापडेल. केहरव्यासाठी तो कुठल्याही मेट्रोनोमपेक्षा बरा. रूपक आला तर समेवर बेस दणकन टाकू नका. त्याच्या सात मात्रांत समेवरच (पहिल्या मात्रेवरच) खाली, म्हणजे टाळीविना रिकामी मात्रा असते, तबल्याचा बायाही तिथे गप्प असतो. वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेला द्या.

मंडपात

घरचं सगळं सुधारलं आणि तरीही स्टेजवर घसरतंय, तर अंतर मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या मंडपात ड्रम एका टोकाला आणि तुम्ही दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला असाल तर ठोका जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा येतो. मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) नसेल तर ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला, हात लावता येईल एवढ्या जवळ उभे राहा. मॉनिटर असेल तर साउंडवाल्याकडे किक आणि हाय-हॅट मागा. स्वतःचा बेस वाढवून मागायची इच्छा होईल, ती आवरा. क्लिक वापरायचाच असेल तर तो एकट्या ड्रमरच्या कानात द्या आणि तुम्ही ड्रमरला ऐका. दोघांच्या कानात क्लिक असला की दोघंही एकमेकांना ऐकणं सोडून देतात. गाण्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे टेम्पोचा आकडा लिहून ठेवा, आणि पहिली चार मोजणी कोण देणार ते तालमीतच ठरवा.